भरलेलं चेंबर

मल्हार दारातच थांबला. डोक्यावर 'सावळाराम इंजिन वर्क्स' ही वडिलांच्या नावाची पाटी होती, आणि आत पाय टाकावा की नको, हे त्याचं ठरत नव्हतं. वाटणीत सणसरचं रान त्याच्याकडं आलं, बारामतीचं हे गॅरेज थोरल्या भावाकडं, मानसिंगकडं गेलं, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं निरोपांवर चालायचं. निरोप पोचवायचा तो मल्हारचाच पोरगा, दिग्विजय. राहायचा सणसरला, पण सगळा दिवस काढायचा चुलत्याच्या गॅरेजात.

"आत चला की," मागून त्याची बायको जयवंता म्हणाली. "लेकीला उन्हात किती वेळ उभी करताय?"

छकुलीचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. तिच्या खांद्याचं हाड पळसदेवजवळच्या वळणावर, शिमग्याच्या आधी मोडलं होतं. तिचा भाऊ दिग्विजय गाडी चालवत होता, ती शेजारी बसली होती. इंजिन चालत्या गाडीत जाम झालं, मागची चाकं जागच्या जागी अडकली, गाडी गर्रकन फिरली आणि डाव्या अंगानं कठड्यावर आदळली. मागं ट्रक नव्हता म्हणून दोघं वाचली.

मल्हार आत आला. गॅरेजच्या मधोमध लोखंडी स्टँडवर तेच इंजिन उघडून टांगलं होतं. एका बाजूला दिग्विजय खाली मान घालून उभा. दुसऱ्या बाजूला मानसिंगची मुलगी श्रेया. चाकणला एका कंपनीत ती इंजिनांच्या चाचण्या घ्यायची आणि खास या कामासाठी रजा काढून आली होती. मानसिंग हातातल्या चिंधीनं बोटं पुसत होता. बोटं स्वच्छ झाली तरी पुसतच राहिला.

"बस," तो म्हणाला.

"बसायला न्हाय आलो, आबा." श्रेया सोडली तर घरातली सगळी मानसिंगला आबा म्हणायची, मल्हारसुद्धा. "एकच इचारायचंय. गाडीत ऑइल होतं का न्हवतं?"

"होतं."

"किती?"

"चेंबर भरून. मी माझ्या हातानं खोललं. घमेलं भरलं."

"मग दवाखान्यात मला का सांगितलं, ऑइलबिगर इंजिन जाम झालं म्हणून?"

"कारण ऑइलबिगरच जाम झालं."

मल्हारनं एकदा भावाकडं, एकदा पोराकडं पाहिलं. कोण कोणाला पाठीशी घालतंय, हे त्याला कळेना. दिग्विजयनं ऑइल न बघताच गाडी काढली असेल आणि चुलता ते झाकत असेल, असं मनात धरून तो सणसरहून निघाला होता. पण झाकायचं असतं तर आबा म्हणाला असता, ऑइल नव्हतं, गळलं, वाटेत नटबोल्ट ढिला झाला. हा तर म्हणतोय, भरलेलं होतं.

"तात्या, मी सकाळी ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली होती," दिग्विजय बापाला म्हणाला. "आईची शप्पथ."

"आईला मधी घेऊ नगं," जयवंता म्हणाली.

"म्या ठरवलंय," मल्हार म्हणाला. "हे धूड भंगारात घाला. आबा, गाडी आपल्या वडलांनी घेतलेली हाय, ती ऱ्हाऊ द्या उभी. पण तिच्यात परत असलं इंजिन नगं. पोरगं उद्यापास्नं रानात यील."

गाडी जुनी, चार सिलिंडरची, मागच्या चाकांवर चालणारी. सावळारामांच्या पश्चात ती कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली होती. दिग्विजयनं ती बाहेर काढली, इंजिनाला जादा हवा कोंबणारा टर्बो लावला आणि मूळच्या दुप्पट ताकद काढली. कागदपत्रं नीट करून घेतली, कारण ती रोज रस्त्यावर चालवायची होती. पहिलं इंजिन हमरस्त्यावर लांब पल्ल्याला ठोके द्यायला लागलं, बेअरिंग गेलं. दुसरं हे.

"रानात यील म्हणतोस," मानसिंग सावकाश म्हणाला. "येऊ दे. पण आधी हे का झालं ते तरी समजून घेऊ. न्हायतर मलाबी हितनं पुढं दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावायचा धीर हुनार न्हाय."

हे मात्र मल्हारला अनपेक्षित होतं. भावाचा आवाज असा त्यानं वडील गेले तेव्हासुद्धा ऐकला नव्हता. तो टायरच्या ढिगावर बसला.

*

श्रेयाला वाटलं होतं, हे दाखवायला फार वेळ लागायचा नाही.

तिनं ऑइलचं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाला बसणारं पत्र्याचं भांडं, टेबलावर ठेवलं. ऑइल ओढणारी नळी तिच्या तोंडाच्या जाळीसकट होती तशी आत टांगली. मग निघालं होतं तेवढंच जुनं ऑइल मोजून ओतलं.

"तात्या, हे बघा. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो तो बेअरिंगमध्ये. पण तो बेअरिंगला टेकत नाही. दोघांच्या मधी ऑइलचा पातळ पापुद्रा असतो. पंप ह्या नळीनं ऑइल ओढतो आणि दाबानं तिथं पाठवतो. नळीच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा आली की पापुद्रा फाटतो, लोखंडाला लोखंड लागतं, आणि संपलं."

"आणि हवा कशी येती?"

"वळणावर ऑइल एका बाजूला पळतं. ताटातली आमटी पळते तसं. नळी उघडी पडते. आता बघा."

तिनं चेंबर उजव्या बाजूला कलवलं. काळं ऑइल संथपणे सरकलं, उजव्या भिंतीवर चढलं. जाळी बुडालेलीच राहिली.

तिनं आणखी कलवलं. जाळी बुडालेलीच.

आणखी कलवलं, तेव्हा ऑइल काठावरून टेबलावर सांडलं, तिथून खाली, तिच्या बुटावर. जाळी अजूनही ऑइलमध्ये होती.

मल्हार उठून जवळ आला, वाकून बघायला लागला.

"ह्यात तर नळी बुडलेलीच दिसती, बाई."

"हो," श्रेया म्हणाली. तिचे कान तापले. कंपनीत तिच्या हाताखाली चार माणसं होती, आणि इथं स्वतःच्या घरच्यांसमोर साधं भांडं तिचं ऐकत नव्हतं. "थांबा. काहीतरी राहतंय."

"सीलच गळत असंल," मानसिंग म्हणाला. "हवा वरच्या जोडातनं आली असंल."

"जोड मी सकाळीच तपासलाय, पप्पा. घट्ट आहे."

"मग बेअरिंगच खराब व्हतं," दिग्विजय म्हणाला. "डुप्लिकेट माल असंल."

"दोन्ही वेळेला?"

श्रेया भांड्याकडं बघत राहिली. पप्पांनी चेंबर खोललं तेव्हा ते भरलेलं होतं. पण खोललं कधी? गाडी टेम्पोत घालून बारामतीला आणली, त्यानंतर. म्हणजे इंजिन बंद पडून बराच काळ गेल्यावर. चालत असताना चेंबरमध्ये किती होतं, हे कुणी बघितलं होतं?

तिनं एक डबा घेऊन निम्म्याहून जास्त ऑइल बाहेर काढलं आणि पुन्हा कलवलं. या वेळी थोड्याशा कलानंच जाळी उघडी पडली, एकदम, काळ्या ऑइलमधून बाहेर आलेली, चकचकीत.

"हे!" ती म्हणाली. "हे झालं. वळणावर चेंबरमध्ये एवढंच ऑइल होतं."

"मग बाकीचं गेलं कुठं?" मल्हारनं विचारलं. "सांडलं?"

"सांडलं नाही. वर होतं. इंजिन जोरात फिरताना पंप ऑइल वर ढकलतो, हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात. तिथून ते बारक्या भोकांतनं खाली उतरतं, आपल्या गतीनं. काही क्रँकवर उडत राहतं. वर पाठवायचा वेग जास्त आणि खाली यायचा कमी, मग चेंबर रिकामं होत जातं. इंजिन बंद पडलं की सगळं परत खाली येतं. म्हणून पप्पांना ते भरलेलं दिसलं. म्हणून पप्पा आणि दिग्विजय दोघंही खरं बोलत होते."

मल्हारनं भांड्यात परत डोकावून बघितलं. मग म्हणाला, "पयल्या इंजिनाला पण असंच झालं?"

"थोडंफार."

"मग दुसऱ्याला वर जास्त कुणी पाठवलं?"

श्रेयाचा हात भांड्यावरच थांबला. उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं आणि आता ते गिळणं अवघड होतं. पहिलं बेअरिंग गेल्यावर मोठा पंप बसवला होता, जास्त ऑइल फेकणारा. बसवला होता तिच्या वडिलांनी. त्याआधी चाकणला फोन करून विचारलंही होतं, 'घालू का गं मोठा?' आणि ती एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगकडं चालली होती. घाला म्हणाली होती. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. आता तेच चुकीचं वाटत होतं, पण तेही पुरतं खात्रीनं नाही; वरची भोकं मोठी असती तर हाच पंप चालूनही गेला असता.

"बोल की," मल्हार म्हणाला.

"मी," मानसिंग म्हणाला. "मोठा पंप मी घातला. वाटलं, ऑइल कमी पोचतंय, म्हणून बेअरिंग गेलं. जादा पोचवूया."

"मला विचारून घातला," श्रेया म्हणाली. "मी हो म्हटलं. आणि तात्या, पंपानंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. वळणही होतं. वेगही होता."

"लाल दिवा वळणाच्या आधीच लागला व्हता."

हे छकुली बोलली होती. ती ड्रमवर बसलेली होती आणि आल्यापासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"काय म्हणलीस?" जयवंता वळली.

"दिवा. ऑइलचा. सरळ रस्त्यावरच लागला. आधी दाबाची सुई खाली आली, मग दिवा लुकलुकला. मी दादाला सांगितलं. तो म्हणला, आसू दे, वायर ढिली हाय."

दिग्विजयनं वर बघितलं नाही. "ढिलीच व्हती गं. आदल्या हप्त्यात दोनदा खोटाच लागला व्हता."

"मग मला आत्तापतूर का न्हाय सांगितलंस?" मल्हारचा आवाज चढला.

"तुमी दादाला मारलं असतं, तात्या."

मल्हार उभाच होता. येताना त्याला एक माणूस हवा होता, ज्याच्यावर बोट ठेवून मोकळं व्हावं. आता त्याच्यासमोर तीन होते, भाऊ, पुतणी, पोरगा, आणि चौथी गळ्यात हात बांधलेली. कुणावर ओरडायचं, हे त्याला सुचेना.

*

जेवण जयवंतानं आणलं होतं. गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळी बसली. भाकरी, पिठलं, कांदा. मल्हार आणि मानसिंग एकाच सतरंजीवर दोन टोकांना. जयवंता वाढत होती आणि बघत होती. या दोघा भावांना ती लग्न होऊन आल्यापासून ओळखत होती. दोघांचं भांडण जोरात चालू असलं की तिला भीती नसायची. आज दोघंही हळू बोलत होते.

दिग्विजयनं जेवता जेवता मोबाइल पुढं केला. "आबा, ह्याला ड्राय संप म्हणत्यात, म्हणजे कोरडं चेंबर. रेसच्या गाड्यांना असतोय. चेंबरात ऑइल ठेवायचंच न्हाय. बाहेरचा पंप बेल्टवर फिरतो, खालचं सगळं ऑइल ओढून मागं डिकीत उभ्या टाकीत टाकतो. तितनं इंजिनाला. वळण असू दे, कायबी असू दे, टाकी उंच हाय, तळ कधी उघडा पडत न्हाय."

"ह्यात ऑइल कमी पडतच न्हाय?" मल्हारनं विचारलं.

"न्हाय."

"मग हेच घाला की!"

सगळ्यांनी मल्हारकडं बघितलं. सकाळी इंजिन भंगारात घालायला निघालेला हाच माणूस.

"असं बघताय काय? आबा, अर्धवट काम करायचं न्हाय. घालायचं तर सगळ्यात भारी घाला. माझी लेक बसली व्हती त्यात."

"मल्हार, ती रेसची चीज हाय," मानसिंग म्हणाला. "आपली गाडी सणसर-बारामती करती."

"तुमी मोठा पंप घातला तवा नीट इचार केला व्हता का?"

मानसिंगनं घास ताटात ठेवला. जयवंतानं पटकन त्याच्या ताटात पिठलं वाढलं, नको असतानाही.

"श्रेया, तूच सांग," दिग्विजय म्हणाला. "तूच तर मला फोनवर म्हणलीस, ड्राय संप घेऊ."

श्रेया कांद्याची पाकळी सोलत होती. "म्हटलं होतं," ती म्हणाली. "काल रात्रीपर्यंत तेच म्हणणार होते. आता नाही म्हणत."

"का?"

"गाडी आत्ता जॅकवर घेतली होती ना, तेव्हा खालून बघितली. चिखल, खडे, उसाचं पाचट अडकलेलं. तो बेल्ट उघडा असणार आहे, तिथंच, खाली. बेल्टमध्ये खडा गेला, बेल्ट उतरला, की दाब शून्य. वळणावर कमी होणं वेगळं. हा एका दमात शून्य. शिवाय डिकीपर्यंत जाणाऱ्या नळ्या, त्यांचे जोड. रेसची गाडी दर फेरीनंतर माणसं तपासतात. आपली गाडी कोण तपासणार, रोज?"

"मी," दिग्विजय म्हणाला.

"वायर ढिली आहे म्हणणारा तू?"

मानसिंगच्या चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटल्यासारखं काही आलं. मुलगी त्याच्या बाजूला आली होती. पण श्रेया लगेच त्याच्याकडं वळली. "आणि पप्पा, तुम्ही म्हणता तसं नुसत्या मूळच्या चेंबरला आत दोन पट्ट्या मारून भागणार नाही. ते पण मी मानणार नाही."

आता कोण कुणाच्या बाजूला, हे जयवंताला कळेनासं झालं. दीर म्हणतो साधं, नवरा म्हणतो भारी, पोरगा बापाच्या बाजूला पहिल्यांदाच, आणि पुतणी कुणाच्याच नाही. तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "ह्यातलं कंचंबी बिघडलं, तर कळणार कसं? बिघडल्यावर कळणार, का बिघडायच्या आधी?"

"दिवा असतो, काकी."

"दिवा तर व्हताच की."

बाहेर रस्त्यानं रिकामी उसाची ट्रॉली खडखडत गेली.

"आणि मला कुणी इचारणार हाय का?" छकुली म्हणाली. एका हातानं तिला भाकरी मोडता येत नव्हती, आईनं कुस्करून दिली होती. "सकाळपास्नं समदी माझ्या नावानं भांडताय. लेक बसली व्हती, लेक बसली व्हती. मला गाडी आवडती. जाम झाली तरी आवडती. ती परत बांधा. पण दादा ऐकत न्हाय, म्हणून दिव्यावर सोडू नका. दाब खाली आला की गाडीनंच जोर सोडून द्यायचा. असं करता येतं का न्हाय?"

श्रेयानं तिच्याकडं बघितलं. "येतं. टर्बोचा दाब सोडून देता येतो. गाडी बंद पडणार नाही, पण पळणारही नाही. वर भोंगा."

"भोंगा मोठा," मल्हार म्हणाला.

मग जेवणं तशीच राहिली आणि बोलणं सुरू झालं. चेंबर तेवढंच खोल ठेवायचं, पण दोन्ही बाजूंना रुंद करायचं. खोल केलं तर आपल्या गतिरोधकांवर घासेल. आत नळीभोवती आडव्या पट्ट्या, त्यांना बारक्या झडपा, एकाच बाजूला उघडणाऱ्या, म्हणजे ऑइल नळीकडं येईल पण पळून जाणार नाही. क्रँकच्या खाली पत्रा, उडणारं ऑइल खाली धरायला. हेडची परतीची भोकं मोठी करायची, वर जाणारी वाट आवळायची. मोठा पंप काढून मूळचा. हे मानसिंगनं स्वतः सांगितलं, कुणी विचारायच्या आधी. आणि श्रेयानं एक वस्तू वाढवली. लांबट छोटी टाकी, आत अर्ध्यात दाबलेली हवा, अर्ध्यात ऑइल. इंजिनाचा दाब पडला की हवा ते ऑइल आपणहून बेअरिंगकडं ढकलणार.

"किती वेळ पुरंल ती?" मल्हारनं विचारलं.

"वळण संपेपर्यंत."

"आन वळण लांब असलं तर?"

"तर भोंगा वाजेल."

"म्हणजे नक्की व्हईल का न्हाय?"

श्रेया हसली नाही. "तात्या, मला वाटतंय होईल. सकाळी पण मला वाटत होतं."

मल्हारला हे उत्तर आवडलं नाही. पण तो उठून गेला नाही. जयवंतानं ताटं उचलली तेव्हा दोघं भाऊ जमिनीवर खडूनं चेंबरचा आकार काढत होते, आणि एकमेकांची रेघ पुसत होते.

*

अक्षय तृतीया होऊन गेल्यावर एका सकाळी मानसिंग पळसदेवजवळ रस्त्याच्या कडेला उभा होता. शेजारी मल्हार. उजनीचं पाणी बरंच खाली गेलं होतं, लांब चिखलात जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं आणि मासे विकणारी माणसं पाट्या घेऊन रस्त्यावर बसली होती. दोघं भाऊ ज्या झाडाखाली उभे होते, तिथून ते वळण पुरतं दिसायचं.

इंजिन नवीन बांधून झालं होतं. गावातल्या रस्त्यांवर सावकाश चालवून बसवलंही होतं. आज पहिल्यांदा पूर्ण जोर. श्रेयाची रजा संपली होती, तिनं फोनवर बजावलं होतं, तापलेल्या ऑइलवरच चाचणी घ्या, गार इंजिन फसवतं. म्हणून मुद्दाम ऊन चढू दिलं होतं. गाडीत दिग्विजय आणि सुई बघायला छकुली. तिला बसू द्यायचं की नाही यावर सणसरला आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. शेवटी ती नुसती जाऊन बसली होती.

गाडी आली. लांबून आवाज आला, मग ती दिसली, वळणात शिरली, बाहेर पडली, निघून गेली.

"काय झालं?" मल्हारनं विचारलं.

"गेली."

"ते दिसलं. आत काय झालं?"

"हितनं कसं कळंल?"

मल्हार चिडला, पण कुणावर, ते त्यालाच सांगता आलं नसतं. मानसिंगला त्याची घालमेल कळत होती, कारण त्याचीही तीच होती. आयुष्यभर त्यानं इंजिनं कानानं ओळखली होती. आज कान ठीक म्हणत होता आणि त्याचा कानावर विश्वास बसत नव्हता. मागच्या वेळीही कानानं ठीकच सांगितलं होतं.

गाडी पलीकडून वळून परत आली. पुन्हा वळण, पुन्हा तोच स्वच्छ आवाज. थांबली नाही.

"थांबली का न्हाय?" मल्हार म्हणाला. "ठरलं व्हतं न्हवं, एक फेरी आन थांबायचं?"

"परत मारत असत्याल."

"का? बिघडलं म्हणून का चांगलं हाय म्हणून?"

मानसिंगनं फोन लावला. कुणी उचलला नाही. दोघं रस्त्याकडं बघत राहिले. बराच वेळ काहीच आलं नाही, नुसते ट्रक, दुचाक्या, एक शाळेची गाडी. मल्हार दोनदा रस्त्याच्या कडेला चालत गेला आणि परत आला. मग तिसऱ्यांदा ती दिसली. या वेळी थोडी सावकाश येत होती. मानसिंग झाडाखालून पुढं आला. जोर सुटला की काय, भोंगा वाजला की काय. पण वळणात शिरताना तिनं जोर घेतला, रेघ ओढल्यासारखी आतल्या कडेनं फिरली आणि बाहेर पडून त्यांच्याकडं आली.

"आबा," मल्हार म्हणाला. "चालवतंय कोण?"

काच खाली होती. स्टेअरिंगवर छकुली होती. शेजारी दिग्विजय, मान खाली, नाक जवळजवळ डॅशबोर्डला टेकलेलं.

गाडी झाडाखाली येऊन थांबली. मल्हार धावतच खिडकीपाशी गेला.

"कुणाला इचारून बसलीस?"

"कुणाला इचारायचं व्हतं, तात्या? लायसन हाय माझ्याकडं."

"खांदा?"

"दुखत न्हाय. थोडा दुखतोय."

"आन सुई?" मानसिंगनं मागून विचारलं.

"हलली," दिग्विजय म्हणाला. "पयल्या दोन फेऱ्यांना ती बघत व्हती, आता मी बघितली. मधोमध वळणात जरा खाली आली, तितंच ऱ्हायली, मग वर गेली. भोंगा वाजला न्हाय."

"खाली आली म्हणजे चेंबरनं धरलं, का टाकीनं सांभाळलं?"

"ते न्हाय सांगता येत, आबा."

मानसिंगनं मान डोलावली. ते कुणालाच सांगता आलं नसतं, चेंबर खोलून बघेपर्यंत. आणि खोलल्यावरसुद्धा कदाचित नाही. त्याला श्रेयाला फोन करावासा वाटला आणि काय सांगायचं ते सुचेना. ठीक आहे, एवढंच सांगता आलं असतं.

मल्हार अजून खिडकीपाशीच होता. लेकीच्या हातांकडं बघत होता. दोन्ही हात स्टेअरिंगवर, डावा थोडा खाली. मग त्यानं मागचं दार उघडलं आणि आत बसला.

"चल," तो म्हणाला. "मला बघू दे ती सुई."

छकुलीनं गिअर टाकला. गाडी हातभर सरकली आणि थांबली. मागचं दार आतून उघडलं गेलं. मल्हार पलीकडच्या खिडकीला सरकून बसला होता आणि समोर बघत होता.

मानसिंग आत बसला, दार ओढून घेतलं. मागच्या सीटवरून डॅशबोर्ड नीट दिसत नव्हता, दिग्विजयची मान आड येत होती.

"कंची हाय ती?" मल्हारनं विचारलं.

"डाव्या कडंची. बारकी," दिग्विजय म्हणाला.

"मला दिसंना. आबा, तुमी बघा. खाली आली की सांगा मला."

"सांगतो," मानसिंग म्हणाला, आणि दोन सीटांच्या मधून पुढं वाकला.